साहेबाच्या डब्यातल्या वीस बरण्या

श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली, की ठाण्याच्या बाजारातला वाणी ओल धरलेला माल गोणपाटावर पसरून ठेवतो. मागच्या आठवड्यात हळकुंडं, सुपाऱ्या, खारका आणि त्यांच्या पलीकडे एका सुपात मोरचुदाचे खडे होते. इतके निळे, की शेजारच्या मालाचा रंग उतरल्यासारखा वाटावा. मी थांबलो. वाण्याने विचारलं, "किती देऊ, मास्तर?" मला मोरचूद कशाला लागणार होता? पण पावशेर बांधून घेतला. घरी सून म्हणाली, "मामंजी, हे विष घरात कशाला?" तिचं बरोबर होतं. पुडी मी तिच्या देखत उंच फळीवर ठेवली.

माझी सगळी नोकरी त्या निळ्या खड्यांशी गेली. मी रेल्वेत तारमास्तर होतो. लोकांना वाटायचं, तारमास्तराचं काम म्हणजे एका बोटाने कट्ट कड करत बसणं. ते निम्मं काम. उरलेलं निम्मं कपाटात मांडलेलं असे, आणि त्याला आम्ही बॅटरी म्हणत असू. बॅटरी म्हणजे बरण्यांची रांग. प्रत्येक बरणीच्या तळाशी तांब्याची चकती, तिच्यावर मोरचुदाचे खडे, त्यावर फडकं, फडक्यावर भिजवलेला लाकडाचा भुसा दाबून भरलेला, आणि सर्वांत वर जस्ताची जाड चकती. मग जस्त बुडेल इतकं पाणी. एका बरणीचं तांबं दुसरीच्या जस्ताला जोडत जायचं. एवढ्यावर कल्याणची बातमी कसाऱ्याला जात असे.

यात अवघड काही नाही. अवघड आहे ते ती जिवंत ठेवणं, आणि त्यातही वापर नसताना जिवंत ठेवणं. मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या तारमास्तरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काम करणारी बॅटरी सहसा मरत नाही. नुसती ठेवलेली मरते." बॅटरी रिकामी बसली की खालचा निळा रंग भुशातून वर चढतो आणि जस्ताला जाऊन भिडतो. जस्तावर काळा चिखल साचतो. वरचं पाणी आटलं की भुसा कोरडा पडतो, आणि मग ती बरणी म्हणजे नुसती बरणी. म्हणून रिकाम्या बॅटरीच्या दोन टोकांना लांब, बारीक तारेचं वेटोळं जोडून ठेवायचं. त्यातून थोडी थोडी वीज वाहत राहते, निळा रंग खाली बसतो. पाणी रोज पाहायचं. एवढंच, पण रोज.

कल्याणला माझ्याकडे अशा दोन बॅटऱ्या होत्या. एक स्टेशनातली, आणि दुसरी साहेबाच्या डब्यातली.

आमचा इंजिनियर साहेब थंडीत रूळ तपासायला निघे, तेव्हा महिना महिना एका डब्यात राहत असे. आत पलंग, टेबल, चुलीची जागा, कपबश्यांचं कपाट, आणि एका कोपऱ्यात तारेचं यंत्र नि वीस बरण्यांची बॅटरी. वाटेत कुठेही डबा उभा करायचा, खांबावरच्या तारेला आकडा लावायचा, की तिथेच तारेची कचेरी सुरू. पावसाळ्यात साहेब मुंबईला जाई आणि डबा कल्याणच्या यार्डात पत्र्याच्या शेडखाली उभा राही. रूळ कुठे वाहून गेले तर डबा तिकडे न्यायचा, म्हणून बॅटरी चारही महिने तयार हवी. चावी माझ्याकडे असे. साहेबाचा हुकूम असा, की तारमास्तराशिवाय कुणीही आत पाऊल टाकायचं नाही. आदल्या वर्षीचा राखणदार आत झोपलेला सापडला होता. त्याला त्याच दिवशी काढलं.

त्याच्या जागी आला तो जोमा. ठाण्याच्या पूर्वेला खाडीला लागून कोपरी गाव आहे, तिथला आगरी. वय पन्नाशीचं, अंगाने काटक, पावलं मिठाने भेगाळलेली. आठ महिने मिठागरावर काम करायचं आणि पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली गेली की मिळेल ती मजुरी धरायची, असा त्याचा क्रम. त्या वर्षी त्याने ही राखणदारी धरली. शेडच्या कडेला झावळ्यांचं खोपटं बांधून तो राही.

मी रोज सकाळी जाऊन डबा उघडी, बरण्या पाही, पाणी घाली. जोमा बाहेर, दारासमोर उकिडवा बसून बघत असे. उंबऱ्याच्या आत त्याने कधी हात घातला नाही. पहिले आठ दिवस तो काही बोललाच नाही. एके दिवशी मी एक बरणी उजेडात धरून पाहत होतो, तेव्हा तो तिथूनच म्हणाला,

"मास्तर, त्या बरनीचा पानी जाड झायलाय."

"जाड म्हणजे?"

"जून झायलाय. आमचे आगरान असा झायला का आमी थोरा काढतो नि नवा घालतो. नायतर मीठ कडू पडतं."

मी बोट बुडवून पाहिलं. पाणी खरंच जड, चिकटसर लागत होतं. जस्त विरघळून वरच्या पाण्यात क्षार साठतात, ते अधूनमधून काढावे लागतात, हे मला पुस्तकावरून ठाऊक होतं. याने ते सहा हातांवरून, पाण्याच्या चकाकीवरून ओळखलं.

त्यानंतर आमचं बोलणं होऊ लागलं. माझी विद्या त्याला अर्ध्याहून अधिक आधीच येत होती. खारं पाणी उन्हाने किती आटतं, थर कसे बसतात, खडा कधी धरतो, हे सगळं त्याचं रोजचं होतं. बरण्यांच्या कडांवर पांढरा क्षार चढून बाहेर उतरत असे. मी तो नुसता पुसत होतो. जोमा म्हणाला, कडेला खोबरेल लावा, चढणार नाही. लावलं, चढला नाही. कल्याणच्या खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ, म्हणून मी शेडच्या पत्र्यावरून पडणारं पाणी धरत होतो. तो म्हणाला, "पत्र्याचा नको. गंज उतरतो." त्याने उघड्यावर चार काठ्यांना धोतर ताणून बांधलं आणि खाली मडकं ठेवलं. ते पाणी काचेसारखं होतं.

त्या मडक्यातलं पाणी मी बॅटरीला घालत असे. स्वतः कधी प्यालो नाही. मला तहान लागली की मी स्टेशनात माझ्या तांब्याकडे जाई. त्याच्या ते लक्षात आलं असणार. तेव्हा ते तसंच होतं.

तो पावसाळा मला आठवतो तो असा तुकड्या-तुकड्यांनी. पत्र्यावर पाऊस पडू लागला की शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नसे. उघडीप झाली की शेडखाली वाफ कोंडे आणि भिजलेल्या भुशाचा, तेलाचा नि कोळशाच्या राखेचा मिळून एक वास येई. माझ्या उजव्या हाताची बोटं निळी पडली होती. जेवताना मी ती राखेने घासत असे, तरी नखांत निळं उरे. घरी कुणी नव्हतं. माझी पत्नी बाळंतपणाला कोकणात गेली होती. संध्याकाळी मी पिठलंभात करी आणि दिव्याजवळ तिला पत्र लिही. पत्रात बॅटरीविषयी काय लिहिणार? पाऊस फार आहे, प्रकृतीस जप, एवढंच.

श्रावण लागला आणि मला हिवताप आला. पहिल्या दिवशी नुसती थंडी, तिसऱ्या दिवसापासून उठवेना. स्टेशनातल्या यंत्रावर ठाण्याहून बदली तारमास्तर आला. तो दिवसभर तिथे अडकलेला. साहेबाच्या डब्याचा कुणाला आठव नव्हता. मला होता, पण ताप चढला की तोही जाई.

चौथ्या की पाचव्या दिवशी जोमा माझ्या खोलीच्या खिडकीशी आला. डोक्यावर इरलं, त्यावरून पाणी गळतंय.

"मास्तर, मना चावी द्या. बरन्या सुकतील."

मी म्हणालो, "चावी द्यायचा हुकूम नाही."

"काय नाय कराचा, पानीच घालाचा हाय. तुमी उठेपरत मरतील त्या."

"मरू देत. साहेबाच्या वस्तू आहेत आत. उद्या काही कमी झालं तर मी काय सांगू?"

हे माझ्या तोंडून जसं गेलं तसंच लिहितो आहे. तापात होतो हे खरं, पण शब्द तापाचे नव्हते. जोमाने इरलं सारखं केलं. मग "बरा," म्हणाला आणि गेला. चावी माझ्या उशाखाली होती.

अकरा-बारा दिवसांनी एका सकाळी दार वाजलं. ताप उतरला होता. मी भिंत धरत दाराशी गेलो. स्टेशनातला हमाल सांगत होता, "साहेब आला. डबा जोडताहेत. तुम्हाला बोलावलंय, आत्ताच्या आत्ता." रात्रभर ओतल्यासारखा पाऊस झाला होता. आंबिवलीच्या पुढे एका ओढ्याने रुळाखालचा भराव नेला होता. पलीकडे नाशकाकडून आलेली गाडी अडकली होती; तिच्या गार्डाने पलीकडून ओरडून सांगितलेली खबर रूळ राखणारा एक गँगवाला धावत घेऊन आला होता. तिच्या इंजिनाची पुढची चाकं मऊ झालेल्या भरावात रुतली होती, आणि गाडीच्या मागे सखलात रुळावर पाणी चढलं होतं. म्हणजे गाडी ना पुढे, ना मागे. खांब पडून तारा तुटलेल्या. घाटाखाली कसाऱ्याला इंजिन होतं, पण त्याला सांगणार कोण?

मी चावी घेऊन यार्डात गेलो. वाटभर माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: कोरडा भुसा आणि काळं जस्त. सोळा दिवस! नवी बॅटरी भरायची तर ती चालू व्हायला दिवस जातो, आणि स्टेशनातली काढली तर मुंबईची तार बंद पडते. साहेब डब्याच्या पायरीवर उभा होता. त्याच्यासमोर मी कुलूप काढलं, कोपऱ्यात गेलो आणि कपाट उघडलं.

भुसा ओला होता. पाणी प्रत्येक बरणीत जस्ताच्या वर एक बोट. जस्त घासून स्वच्छ केलेलं. कडांना खोबरेल. वेटोळ्याच्या तारेचं एक टोक क्षाराने खाऊन तुटलं असावं. ते खरवडून, पीळ देऊन पुन्हा बांधलं होतं. गाठ माझी नव्हती. ती मिठागरावरची, ओल्या दोरीला मारतात तशी गाठ होती. मी वीज दाखवणारा काटा लावून पाहिला. काटा झटकन वळला आणि तिथेच उभा राहिला.

वर जाळीच्या खिडकीची खिट्टी निघालेली होती. मी ती हाताने दाबून बसवली. दाराबाहेर जोमा उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

इंजिन डबा ढकलत निघालं. जोमाला साहेबाने बरोबर घेतलं, ओढाओढीला माणूस हवा म्हणून. आंबिवली मागे पडली आणि थोड्याच वेळात रूळ हवेत लोंबकळताना दिसले. खाली तांबडं पाणी. पलीकडे गाडी. खिडक्याखिडक्यांत माणसं. श्रावणी सोमवार करून त्र्यंबकेश्वराहून परतणारी बरीच होती. बायकांनी गंगेचे गडू पोटाशी धरलेले. कुणी ओरडत नव्हतं. त्या गप्प बसण्याचीच मला जास्त भीती वाटली. भरावाची माती दोन्ही अंगांनी ढेकळाढेकळाने सुटून पाण्यात पडत होती.

पलीकडच्या खांबावरून तुटलेली तार लोंबत होती. आमच्यातला एक गँगवाला कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दोनदा वाहत जाऊन परत ओढला गेला, तिसऱ्यांदा पोहोचला. त्याने तारेला दोर बांधला, आम्ही ती अलीकडे ओढून घेतली. जोमाने तिचं टोक खरवडून चकचकीत केलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते यंत्राला जोडलं, दुसरी तार रुळाच्या बाजूला ओल्या मातीत गाडली, आणि कसाऱ्याला हाक मारली.

उत्तर नाही. पुन्हा. उत्तर नाही. साहेब माझ्या खांद्यामागे उभा होता. त्याच्या ओल्या कोटाचा वास मला येत होता. पाचव्या हाकेला यंत्र बोललं. अगदी हळू, पण स्वच्छ. कसारा विचारत होतं: कोण?

मी लिहिलं: गाडी भरावावर. इंजिन पाठवा. सखलात रुळावर हातभर पाणी, रूळ शाबूत, सावकाश या. उशीर करू नका.

दुपारी धूर दिसला. इंजिन पाण्यातून माणसाच्या चालीने आलं. रुतलेलं इंजिन तिथेच सोडून त्यांनी डबे मागे ओढून नेले. शेवटचा डबा सखलातून वर चढला तेव्हा बायकांनी हात जोडलेले मला लांबून दिसले. तासाभराने भराव बसला आणि रुतलेलं इंजिन कुशीवर पडलं. डबे त्या वेळी तिथे असते तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरा करत नाही.

परतताना साहेबाने मला समोर बसवलं. चहा दिला. मग विचारलं, "तू सोळा दिवस आजारी होतास. बॅटरी कोणी सांभाळली?"

जोमा दारात पायरीवर बसला होता. मी एकवार त्याच्या पाठीकडे पाहिलं. खरं सांगितलं तर खिडकीतून शिरल्याबद्दल त्याला काढतील, असं माझ्या मनात आलं. हेही आलं, की मग मी चावी का दिली नाही, हे सांगावं लागेल. आणि आणखीही एक आलं, ते लिहायला इतकी वर्षं लागली: साहेब माझ्याकडे पूर्वी कधीच पाहिलं नव्हतं अशा नजरेनं पाहत होता.

"मीच, साहेब," मी म्हणालो. "ताप उतरला की येऊन जात होतो."

साहेबाने माझा हात हातात घेतला. माझ्या कामाच्या कागदावर त्याने चार ओळी लिहिल्या. पुढच्या वर्षी मी ठाण्याला मोठा तारमास्तर झालो.

कल्याणला उतरल्यावर जोमा म्हणाला, "बरा केलात, मास्तर." एवढंच. तो काय अर्थाने म्हणाला हे मी त्या दिवशी माझ्या सोयीने घेतलं. दसऱ्याला त्याची राखणदारी संपली आणि तो मिठागरावर गेला. पुढच्या पावसाळ्यात तो आला नाही.

ठाण्याला माझं बिऱ्हाड स्टेशनापासून जवळ होतं. कोपरी रुळांच्या पलीकडे, चालत पाव तास. मी वीस वर्षं त्या पाव तासावर राहिलो आणि गेलो नाही. कधी बाजारात तो मिठाची पाटी घेऊन दिसे. "बरं आहे ना, जोमा?" मी विचारी. "हाय, मास्तर," तो म्हणे. पोरांना मी बॅटरीचं काम शिकवी, तेव्हा जून झालेल्या पाण्याची आणि खोबरेलाची गोष्ट सांगे. ती कुणाकडून शिकलो, ते सांगत नसे.

नोकरी संपली तेव्हा घरी वेळच वेळ. सुनेला एकदा तिच्या मुलाशी बोलताना मी ऐकलं, "मामंजींनी तापात उठून बॅटरी राखली, म्हणून एवढी माणसं वाचली." घरात ही गोष्ट अशी झाली होती. त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी साहेबाला पत्र लिहिलं. तो विलायतेला परत गेला होता, म्हातारा झाला होता. सगळं लिहिलं: चावी, खिडकी, गाठ. जोमाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. सुवाच्य, थोडक्यात. त्याने लिहिलं होतं, की खिडकीची खिट्टी निघालेली त्याने त्याच दिवशी पाहिली होती. संशय आला म्हणून रात्री डब्यातले चमचे आणि बाटल्या मोजून घेतल्या होत्या. सगळं बरोबर भरलं, म्हणून त्याने विषय वाढवला नाही. तो माणूस प्रामाणिक निघाला, याचा त्याला आनंद आहे.

मला वाटलं, ही चांगली बातमी आहे. पत्र खिशात घालून मी गेल्या आश्विनात कोपरीला गेलो. पाऊस ओसरला होता. मिठागरांचे पावसात खचलेले बांध घालायचं काम चाललं होतं. जोमा गुडघाभर चिखलात बांधाला फळी बसवत होता. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली, पण हात तसेच. मी बांधावर उभा राहून त्याला सगळं सांगितलं आणि पत्राचा मराठीत अर्थ वाचून दाखवला.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "चमचे मोजले?"

"हो. पण सगळे बरोबर भरले, असं तो म्हणतो."

"आनि तुमी त्याला नाव-गाव लिवून धारला, का यो जोमा खिरकीतून शिरला."

"अरे, तुझं श्रेय तुला मिळावं म्हणून—"

"माजा?" तो सरळ उभा राहिला. "मना काय कराचा हाय तो? इतकी वरसा कुनाला ठावं नवता का मी चोरासारा शिरलो. आता विलायतेन ठावं झायला. तुमचे पोटान दुखत होता, तुमी औषद घेतलात."

खाडीवरून वारा येत होता आणि हातातला कागद फडफडत होता. मी तो घडी करून खिशात घातला.

"मग मी काय करायला हवं होतं?" मी विचारलं.

"तवाच चावी द्याची होती," जोमा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. पानी जाड झायलाय, हे त्याने ज्या आवाजात सांगितलं होतं, तोच तो आवाज.

मी निघायला हवं होतं, पण पाय निघेना. जोमाने पुन्हा फळी उचलली. बांधाचं एक भगदाड बुजवायचं होतं आणि फळी लांब होती. एका टोकाला धरली की दुसरं चिखलात बसत होतं. त्याने दोनदा प्रयत्न केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उभे काय रायलेत? भरती येल. ते टोक धरा."

मी जोडे काढले, धोतर वर खोचलं आणि उतरलो. चिखल गार होता आणि वाटला होता त्याहून खोल. मी टोक धरलं. त्याने मेख ठोकली, मागे माती लोटली, पायाने दाबली. मग पुढचं भगदाड, मग त्याच्या पुढचं. अधूनमधून तो म्हणे, "वर," किंवा "जरा खाली." सूर्य कलला तेव्हा खाडीचं पाणी चढत चढत बांधापाशी आलं, फळ्यांना टेकलं आणि तिथेच थांबलं.